पुलापलीकडची मतपेटी

लेनोरने हात वर करून रांग थांबवली, तेव्हा मागची राखाडी पिकअपही थांबली.

पुलाच्या तोंडाशी वीसेक सायकली एकामागोमाग थबकल्या. कुणी जमिनीला पाय टेकवला, कुणी कठड्याला हात लावला. गाडी मागे थोड्या अंतरावर उभी होती. इंजिन चालू होते, पुढचे पिवळे दिवे लुकलुकत होते. समोरच्या काचेवर ऊन चमकत असल्याने आतला माणूस दिसत नव्हता.

रांगेच्या शेवटी असलेला डॅरिल सायकल ढकलत पुढे आला. तो नळजोडणीची कामे करायचा. आवाज मुळातच मोठा, तो आता त्याने मुद्दाम खाली आणला होता.

"चर्चच्या वळणापासून मागे लागलाय. दोनदा मी हात करून पुढं जा म्हटलं. जात नाही."

"रस्ता अरुंद आहे. वाट बघत असेल."

"लेनोर, या रस्त्यावर कोण वाट बघतं? इथली माणसं हॉर्न मारतात, दोन शिव्या हासडतात आणि कोपराला घासून पुढं जातात. हा बघ कसा, पाहुण्यासारखा उभा आहे. आणि मागं काय लावलंय ते बघितलंस का?"

लेनोरने बघितले होते. पिकअपच्या हौद्यात दोन खांबांना बांधलेला फलक होता. लाल अक्षरांत लिहिले होते, 'प्रस्ताव चार : नको'.

प्रत्येकाच्या जर्सीच्या मागच्या खिशात एक पाकीट होते. मतपत्रिका टपालाने घरी येऊन पंधरवडा झाला होता, आणि लेनोरला आपल्या माणसांची सवय ठाऊक होती. निम्म्या मतपत्रिका फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकून राहिल्या असत्या आणि मतदान संपल्यावर सापडल्या असत्या. म्हणून तिने ठरवले, रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून सायकलीने पुलापलीकडच्या मॉरो गावाला जायचे आणि वाचनालयासमोरच्या मतपेटीत आपापले पाकीट टाकायचे. शंभर डॉलरच्या खरेदीवर वीस सेंट जादा कर, तो रस्त्यांसाठी, पुलांसाठी, पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांसाठी. प्रस्ताव चार तो हाच. उन्हाळा संपल्यापासून ती खोऱ्यात ज्या ज्या पडवीत सायकल दिसेल त्या त्या दारात जाऊन बसली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उमर गेली होती. नाक मुरडणाऱ्या पोरांना घेवडा खायला लावण्याची तिला सवय होती.

"रंग कुठला आहे?" रॉबर्टाने विचारले. ती मागे वळली नव्हती.

डॅरिलने लेनोरकडे पाहिले.

गेल्या वर्षी याच दिवसांत, याच पुलावर, रॉबर्टाला एका गाडीने उडवले होते. गाडी थांबली नाही. शुद्ध जाण्याआधी काहीतरी उंच आणि राखाडी दिसले, एवढेच तिला आठवत होते. उजव्या गुडघ्यात पोलादी सळई घालावी लागली. ती आज पहिल्यांदा पुलापर्यंत आली होती, तीही लेनोर तीन वेळा घरी जाऊन आल्यावर.

"खोऱ्यात दर तिसरी गाडी राखाडी आहे," लेनोर म्हणाली.

"मी एवढंच विचारलं, ही राखाडी आहे का?"

"आहे."

रॉबर्टाने ब्रेक इतके आवळले की बोटांची पेरे पांढरी पडली. डॅरिल म्हणाला, "परत फिरू या. पाकिटं टपालाच्या डब्यात टाकता येतात." दोघातिघांनी माना डोलावल्या. लेनोरने पुलाकडे पाहिले. नदीवर धुक्याची पट्टी होती. लोखंडी कठडा आणि रस्त्याची पांढरी रेघ यांच्यात हातभरही जागा नव्हती. आज परत फिरलो तर रॉबर्टा पुन्हा इथे येणार नाही, हे तिला कळत होते.

"डॅरिल, तू पुढं हो. रॉबर्टा, तू त्याच्या पाठोपाठ. मी शेवटी राहते."

"तू शेवटी राहून काय करणार?"

"त्याचा नंबर पाठ करणार," ती म्हणाली.

रांग पुलावर चढली. लेनोरच्या हँडलला लावलेल्या गोल आरशात पिकअप हलली. तेवढेच अंतर ठेवून, तेवढ्याच चालीने. कडेने नव्हे, बरोबर रस्त्याच्या मधोमध. थोड्या वेळाने तिच्यामागे एक गाडी आली, हॉर्न वाजला. मग आणखी एक. पिकअपने जागा दिली नाही. लेनोर नंबर पुटपुटत होती आणि तिच्या डोक्यात नको ते येत होते. हा मागच्यांना का अडवतोय? कुणाला काही दिसू नये म्हणून? तिने पाठ ताठ केली आणि पुढचे झाकले जावेत अशी, मूर्खासारखी, सायकल थोडी रस्त्यात घेतली.

काही झाले नाही. पूल संपला, मळे संपले, मॉरोची घरे लागली.

मतपेटी म्हणजे पोलादी, बुटकी, पोट सुटलेल्या माणसासारखी. लोकांनी पाकिटे टाकली, टाकताना फोटो काढले. रॉबर्टाने पाकीट टाकून मतपेटीवरच तळवा टेकला आणि तशीच उभी राहिली. कुणीतरी थर्मासमधून कॉफी ओतली. डॅरिल मात्र वाहनतळाकडे बघत होता.

"आला बघ. आतच बसलाय."

"थांबा इथंच," लेनोर म्हणाली. "मी बघते."

ती सायकल हाताने धरून वाहनतळ ओलांडून गेली. तिला येताना पाहून तो माणूस उतरला. साठीचा, आडव्या हाडाचा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टाय, आणि रापलेल्या मानेवर दाढी करताना झालेली ताजी जखम.

"तुम्ही आमच्या मागं का लागलात?"

"मतपेटी इथंच आहे, बाई." त्याने हातातले पाकीट वर केले. "मलाही टाकायचंय."

"आणि त्यासाठी एवढा रस्ता गोगलगाईसारखं यायचं?"

त्याने हनुवटीने पूर्वेकडच्या उन्हाकडे खूण केली.

"मी हर्म टर्प्स्ट्रा. पुलाच्या पलीकडं, खोऱ्यात माझा गोठा आहे. या दिवसांत सकाळी पुलावर ऊन सरळ डोळ्यांत येतं. मी रोज जातो, मला पुढचं काही दिसत नाही. मला दिसत नाही म्हणजे कुणालाच दिसत नाही. लुकलुकणारा दिवा तेवढा दिसतो, मागून येणाऱ्यालाही."

"आम्ही येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. टपालकचेरीत तुमचा कागद, किराणा दुकानात तुमचा कागद. आमच्या गुरांच्या डॉक्टरच्या दारावरसुद्धा तुमचाच कागद. बायको म्हणाली, ही एवढी माणसं उन्हात पुलावरून जाणार. ती बहिणीच्या गाडीतून चर्चला गेली, मी इकडं आलो."

बोलणे सरळ होते. पण सरळ बोलणारी माणसे लेनोरने पुष्कळ पाहिली होती. तिची नजर खाली गाडीच्या नाकाडावर गेली. ती तिथून काढायच्या आत त्याने टिपली.

"बघा की," तो म्हणाला आणि बाजूला सरला. "नीट बघा. गेल्या वर्षी शेरीफचे पोलीस दोनदा बघून गेले."

नको, तसं नाही, असे म्हणायला हवे होते. लेनोरने सायकल स्टँडला लावली, ती वाकली आणि तिने बघितले. बंपरवरून, उजव्या दिव्याच्या कडेवरून, चाकावरच्या पत्र्यावरून बोट फिरवले. जुना गंज, वाळलेला चिखल, मेलेले किडे. रंग सगळीकडे सारखाच उडालेला. कुठे काही नवे बसवलेले नव्हते. ती उभी राहिली, बोटे पँटला पुसली. माफ करा असे तिच्या तोंडून निघाले नाही, आणि तो त्याची वाट बघतोय असेही दिसले नाही.

"आमची एवढी काळजी, तर मग हा फलक कशाला?"

"तुमची काळजी वेगळी, जिल्ह्याच्या कचेरीवर विश्वास वेगळा. त्या प्रस्तावात पुलाचं नाव आहे का?"

लेनोरने तो मजकूर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुन्हा पुन्हा वाचला होता. मॉरोतल्या चौकांची नावे होती, पदपथांची होती. पूल 'इतर आवश्यक कामे' या शब्दांत असावा, असे तिने स्वतःला सांगितले होते, आणि मग दारोदार लोकांना सांगितले होते. सांगताना तिचा आवाज कधी अडखळला नव्हता.

"नाव नाही," ती म्हणाली. "इतर कामे म्हटलंय."

"मागच्या वेळीही इतर कामेच म्हटलं होतं. तेव्हा मी हो म्हटलं होतं. त्या इतर कामांतून गावातल्या बाजारासमोर कारंजं उभं राहिलं. झक्क आहे. पुलावरून मॉरोला जिवंत पोचलात, तर बघायला मिळतं."

तिला हसू आले नाही. "मला वाटतं, या वेळी करतील."

"वाटतं?"

"हो. वाटतं."

"मला नाही वाटत," हर्म म्हणाला. आवाजात भांडण नव्हते. पाऊस येईल की नाही यावर दोघे बोलत असावेत, तसा होता. तो मतपेटीकडे चालू लागला.

लेनोर सायकल घेऊन त्याच्या मागोमाग निघाली. पाकीट त्याच्या हातात झुलत होते, मागची बाजू वर. सहीच्या जागी नुसती रेघ होती. रेघेवर काही नव्हते.

सहीशिवाय मत मोजत नाहीत. कचेरीतून पत्र येते, त्याला मुदतीत उत्तर द्यावे लागते, आणि गोठ्याच्या धबडग्यात कचेरीची पत्रे कोण फोडतो? प्रत्येक घरातून उठताना लेनोर शेवटी एकच वाक्य म्हणायची, सही विसरू नका. हर्मचे घर तिने वगळले होते. पडवीत सायकल नव्हती.

तिने एकेक 'हो' कसा मिळवला होता ते तिचे तिलाच ठाऊक. एक 'नको' गळणे म्हणजे एक 'हो' वाढल्यासारखेच होते. तिला काही करायचेसुद्धा नव्हते. नुसते उभे राहायचे होते. पलीकडून रॉबर्टा त्या माणसाकडे टक लावून बघत होती. हर्मने पाकीट फटीला लावले.

"थांबा," लेनोर म्हणाली.

तो वळला.

"सही राहिलीय."

त्याने पाकीट उलटे करून पाहिले. मग सदऱ्याचा खिसा चाचपला, पँटचे चाचपले. "गाडीत असेल पेन."

"हे घ्या." तिने हँडलच्या पिशवीतून पेन काढले. मतपेटीचा माथा उतरता होता, त्यावर पाकीट ठरेना. लेनोरने सायकल त्याच्यापुढे आणली आणि हँडल दोन्ही हातांनी धरले. त्याने सीटवर पाकीट ठेवले, वाकला, आणि शाळेतल्या मुलासारखे जिभेचे टोक दातांत धरून सही केली.

"तारीखपण," ती म्हणाली.

त्याने तारीख घातली. पेन परत देताना क्षणभर तिच्याकडे बघितले.

"आत काय आहे ते माहीतेय ना तुम्हाला?"

"फलकावर चांगलं मोठ्या अक्षरांत आहे."

पाकीट आत पडल्याचा बारीक आवाज झाला. हर्मने टाय सारखा केला. "जाताना ऊन पाठीवर राहील. आता माझी गरज नाही. निघतो, अर्धं तरी प्रवचन मिळेल." दुसऱ्या कुणाकडे न बघता तो गाडीत बसला आणि गेला.

रॉबर्टा सायकलीचा आधार घेत लंगडत जवळ आली.

"तोच का गं?"

"नाही."

"नक्की?"

"गाडी बघितली मी. हात लावून."

रॉबर्टा वळणावर दिसेनाशी होणाऱ्या पिकअपकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला की नाही, ते चेहऱ्यावरून कळत नव्हते. "मग काय पाहिजे होतं त्याला?"

"पेन," लेनोर म्हणाली, आणि खिशातून स्वतःचे पाकीट काढून मतपेटीकडे वळली.