माझ्या डोंगरांचे हात

"ऐकलंस का, वहिनी? म्हणे रोट्या कमांडरची फौज थापते." खुमारी तंदूरवर वाकून हसली. "मला तर एकही शिपाई कणीक मळताना दिसला नाही बाई."

पलवाशा हसली नाही. टपरीवर कॅसेट वाजत होती, आणि तिच्यातला टप्पा, म्हणजे बायका जुळवतात तसलं दोन ओळींचं गाणं, पलवाशाचा होता. पेशावरबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत, याच तंदूरपाशी, तिनं तो जुळवला होता:

पीठ परकं, पाणी परकं, मुलुखही परका;
रोटी थापणारे हात मात्र माझ्या डोंगरांचे.

कॅसेटवाल्यानं शेवटी 'माझ्या डोंगरांचे' काढून 'कमांडरच्या फौजेचे' असं घुसडलं होतं.

"मग सांग ना, टप्पा माझाय म्हणून."

"टप्प्याला कधी आई असते का गं? बाईनं जुळवावा आणि वाऱ्यावर सोडावा. बाईचं नाव बाहेर फुटलं तर तुझ्याच भावाला चार लोकांत मान खाली घालावी लागेल."

शिवाय छावणीत कमांडरचा हुकूम चाले आणि पिठाची पोती त्याच्याच माणसांच्या हातून येत. तरी तिच्या जिवाची तगमग थांबेना. गाव गेलं, घर गेलं, तोरयालचा, तिच्या नवऱ्याचा, पाय लढाईत गेला. डोंगर तेवढे दोन ओळींत उरले होते. तेही या मेल्यानं पळवले.

शुक्रवारी छावणीत लग्न होतं. कनातीच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. त्यांत कमांडरची माणसंही. नवरदेवाकडच्या बायकांनी कॅसेटमधला टप्पा धरला. टप्प्याला टप्प्यानं उत्तर द्यायची रीतच आहे. पलवाशानं डफ ओढून घेतला आणि आपला टप्पा जसा होता तसा, खणखणीत म्हटला.

पलीकडे चहाचे पेले वाजायचे थांबले. उद्यापासून पीठ बंद, तिला वाटलं. झालं तर झालं.

तेवढ्यात पलीकडून एक घोगरा आवाज उठला, "...हात मात्र माझ्या डोंगरांचे." तो तोरयाल होता. घरात कधी गुणगुणतही नसे. त्याच्यामागून आणखी एक, मग सगळेच. कमांडरचा एक म्हातारा शिपाईही गातोय, असं खुमारीनं फटीतून बघून सांगितलं. पलवाशाचा ऊर अभिमानानं भरून आला.

सकाळी तोरयाल कुबडी टेकत तंदूरपाशी आला.

"काल कुणीतरी छान गायलं."

"असेल कुणीतरी. विचारू नये."

"मी कुठं विचारतोय?"

तिनं गरम रोटी पुढं केली. तिच्या मनगटावरच्या भाजल्याच्या खुणांकडे तो क्षणभर पाहत राहिला. मग त्यानं रोटी घेतली आणि सगळ्यांदेखत कपाळाला लावली.