ठकूबाईनं दिलेलं दावं

मी एक जुनं दावं आहे, मित्रांनो. गुराच्या गळ्यात अडकवून त्याला खुंट्याला बांधतात, तो दोर. घंटेसारखं किंवा झुलीसारखं मिरवावं असं माझ्यात काही नाही. शेणाचा वास आणि बैलाचे चार केस, एवढीच माझी कमाई. तरी माझं ऐका, कारण माझं तुमच्याकडे एक काम आहे.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक लहानशी वाडी आहे. तिथल्या ठकूबाईनं मला वळलं. खरं तर दावी वळणं हे पुरुषांचं काम, पण तिचा नवरा गोमाजी गप्पांत एवढा रमायचा की त्याच्या हातचा पीळ नेहमी सैल पडे. म्हणून एकदा त्यानं बाजारातून नायलॉनचा दोर आणला आणि चांद्या बैलाच्या गळ्यात बांधला. पावसाळ्यात तो ओला दोर घासून घासून चांद्याची मान सोलली, जखमेत किडे पडले. ठकूबाई सीताफळाचा पाला वाटून रोज जखमेत भरायची आणि बैलाच्या कपाळावरचा पांढरा ठिपका चोळत बसायची. जखम भरली, पण तिथली कातडी कायमची नाजूक राहिली. मग तिनं रानातून केवणीच्या झुडपाची चिवट साल सोलून आणली, पाण्यात कुजवली, ओढ्यावर धुतली आणि मांडीवर पीळ देत मला जन्माला घातलं. गळ्याकडच्या भागाला जुन्या लुगड्याची चिंधीही गुंडाळली. इतकं मऊ दावं वाडीत दुसरं नाही, असं शेजारचा भिकू म्हणायचा. भिकू सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

भिकूचा एक बैल आणि आमचा चांद्या अशी जोडी जुंपून दोन्ही घरांची भातशेती व्हायची. संध्याकाळी चिखलानं माखलेला चांद्या परत आला की मला बघून आपणहून मान खाली करायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे गोमाजी वारला. मुलगा ओम मुंबईला नोकरीत. भिकूनं आपला बैल विकून पॉवर टिलर घेतला आणि जोडी मोडली. एकट्या बैलाला कोण नांगराला जुंपणार? ठकूबाईचे गुडघे गेले, डोंगरातून गवताचा भारा तिला आणवेना. चांद्याची हाडं दिसू लागली, तेव्हा तिनं त्याला लिलावात उभं करायचं ठरवलं.

त्या वाडीची रीत अशी की शेती सोडणाऱ्याचं जनावर आधी देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या दगडी चौथऱ्यावर, उभं करायचं आणि पहिली बोली गावाला द्यायची. शिमग्यानंतर लिलाव ठेवला. भिकूनं मोठ्यानं पुकारा केला. वाडीत उरलेली म्हातारी माणसं पायरीवर बसली होती. एकानं चपलेतला खडा काढला, दुसरा तंबाखू मळत राहिला. बोली कुणीच लावली नाही. चांद्या मात्र ओळखीच्या माणसांकडे बघत निवांत रवंथ करत होता. मला वाईट वाटलं, मित्रांनो, फार वाईट वाटलं.

मग बाहेरून आलेल्या येसाजीनं बोली लावली. तो महाडकडचा, सावित्रीकाठचा शेतकरी, माणूस चांगला. भिकूनं एकवार, दोनवार, तीनवार म्हटलं आणि चांद्या त्याचा झाला.

मी मात्र घरी परतणार होतेच. आमच्याकडे जनावर विकतात, दावं देत नाहीत. दावं राहिलं तर गोठा पुन्हा भरतो, दावं गेलं की गोठा बंद, असं सगळे मानतात. ठकूबाई तर जरा जास्तच मानायची. कधीतरी ओम परत येईल आणि गोठ्यात गुरं बांधील, याच आशेवर ती होती. घेणारा आपला दोर घेऊन येतो. येसाजीनंही पिशवीतून काढला, नवाकोरा नायलॉनचा. तो मानेवर बसताच चांद्यानं अंग चोरलं.

“थांब रे बाबा,” ठकूबाई म्हणाली. “तो नको त्याला. ह्ये ने.”

“मावशी, दावं तुमचं तुमच्यापाशी ऱ्हातं. रीत हाय ती.”

“इचार कर गो काकी,” भिकू म्हणाला. “दावं गेलं का गोठा बंद.”

“माझ्या आशेपायी त्याची मान सोलायची नाय.”

तिनं स्वतःच्या हातानं मला पुन्हा त्याच्या गळ्यात बांधलं आणि मागे न बघता घरी गेली.

आता मी येसाजीच्या गोठ्यात आहे. चांद्याची मान धड आहे, पोटही भरतं. सगळं बरं झालं असं मला वाटत होतं. पण परवा भिकू महाडला आला, तेव्हा येसाजीकडे पाणी प्यायला थांबला.

“ओम आलाय मुंबय सोडून,” तो सांगू लागला. “गाय घेतो म्हणतो, हितंच ऱ्हातो म्हणतो. पन काकी गाय घेऊ देत नाय. म्हणते, माझ्या हातानं दावं दिलं, आता या गोठ्यात जनावर जगायचं नाय.”

येसाजी लगेच माझी गाठ सोडायला वाकला. “मंग ने की ह्ये परत. मी दुसरं मऊ बघतो.”

“त्येबी बोललो तिला. नको म्हणते. दिलेलं दावं माघारी घेतलं तर चांद्याचं वाईट हुईल. ओम दिवाळीपर्यंत वाट बघतो, मंग जातो परत.”

येसाजीनं गाठ तशीच ठेवली.

मित्रांनो, जिनं मला वळलं तिलाच माझं भय वाटावं, यापरतं दुःख कुठल्या दाव्याला नसेल. मी नुसती केवणीची साल आहे. गोठा भरायची ताकद माझ्यात कधी नव्हती, बंद करायचीही नाही. पण मला तोंड नाही, आणि भिकू, येसाजी तिच्यासारखंच मानतात.

म्हणून तुम्हाला विनंती. दिवाळीच्या आत पोलादपूरकडे जाणं झालं, तर वर डोंगरात ठकूबाईचं घर विचारा. ओम भेटला तर त्याला हळूच सांगा, आईची परवानगी मागत बसू नको. बाजारातून एखादी मान सोललेली गाय आण आणि दारात उभी कर. मग ती रीत बघत बसणार नाही, आधी पाला वाटायला घेईल आणि नंतर साल भिजत घालील. त्या गाईच्या गळ्यात मी नसेन. चालेल मला.