मुठीवरचा अंगठा

मी एक जुनी थापी आहे, मित्रांनो. खरं तर मला घडवलं ते गवंड्याच्या हातासाठी. पण नशीब बघा, मला विकत घेतलं ऑड्रीनं, आणि भिंती बांधायच्या सोडून मी गाडलेल्या भिंती शोधू लागले. आमच्या इंग्लंडात नवी घरं उठण्याआधी जमिनीच्या पोटात काय दडलंय ते बघतात. ते काम ऑड्रीचं. गुडघे टेकायचे, माती आपल्याकडे ओढत खरवडायची आणि मागे मागे सरकायचं, म्हणजे साफ केलेल्या जागेवर आपलाच पाय पडत नाही. खरवडून खरवडून माझं पातं अर्ध्यावर आलं.

"ती थापी आहे की चहाचा चमचा?" आमच्या खोदकामाच्या तुकडीचा प्रमुख क्लाइव्ह चिडवायचा.

"चमचा तर चमचा. तुझ्यापेक्षा जास्त राबते ती!"

शेवटी सगळ्यांनी मिळून ऑड्रीला वाढदिवसाला नवी कोरी थापी दिली. मी हत्यारांच्या बादलीच्या तळाशी गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेव्हा एका शेतात आम्हाला रोमन भिंतीचा पाया सापडला होता. त्याच्याही खाली, रोमन यायच्या कितीतरी आधीच्या एका गोल झोपडीचे खांब जिथे रोवले होते, तिथे मातीत काळे डाग दिसत होते. चूल मात्र सापडेना, आणि दुसऱ्या दिवशी घरं बांधणाऱ्यांची यंत्रं येणार होती.

"नसेल गं चूल. आटप आता," क्लाइव्ह म्हणाला.

"मग थंडीत काय एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले ते?"

पायाच्या दोन दगडांमध्ये चिंचोळी फट होती. नवी थापी आत शिरेना. ऑड्रीनं बादलीच उपडी केली. "कुठे गेली माझी म्हातारी?"

म्हातारी म्हणाली, तरी मला केवढा आनंद झाला! मी अलगद आत शिरले. काळी माती सरली आणि भाजलेली लाल माती दिसली. चुलीचा काठ! ओल्या मातीत कुणीतरी दाबलेल्या अंगठ्याचा ठसा त्यावर तसाच होता.

क्लाइव्ह चिखलात गुडघ्यांवर बसला. "फोटो होईपर्यंत कुणी शिंकू नका रे," तो हळूच म्हणाला.

आज तिथे नव्या घरांत स्वयंपाक होतो. चूल संग्रहालयात आहे. मी ऑड्रीच्या मागच्या खिशात असते आणि नवी थापी तिच्या बागेत कांदे लावते.

मित्रांनो, झिजलेली वस्तू टाकण्याआधी एकदा हातात धरून बघा. माझ्या लाकडी मुठीवर ऑड्रीच्या अंगठ्यानं खळगा पडलाय. कधीकाळी मीही मातीत सापडले, तर त्या खळग्यात अंगठा ठेवून बघा. मला किती मायेनं वापरलं, ते तुम्हाला कळेल.