खिळ्यावरची उष्टी रोटी

मी एक रोटी आहे, आणि तीही उष्टी. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला पांढऱ्या फडक्यात सहा वर्षं टांगलेली आहे. डोंगरातली हवा कोरडी, म्हणून बुरशी लागली नाही. नुसती वाळत गेले. डुलकी लागली की अजून तंदूरची ऊब जाणवते आणि मला भाजणाऱ्या बुबुसाराचं गुणगुणणं ऐकू येतं.

आमच्याकडे मुलगा लांब निघाला की रोटीचा एक घास खाऊन जातो. उरलेली घरात टांगायची. ज्यानं घास घेतला त्यानंच परत येऊन ती संपवायची, दुसऱ्यानं नाही. गावची खाण बंद पडली आणि बुबुसाराचा मुलगा कुबात ट्रक चालवायला रशियात गेला. घास घेऊनच गेला.

पण ती रोटी मी नव्हे. तिसऱ्या हिवाळ्यात उंदरांनी ती फस्त केली. बुबुसारा रिकामं फडकं मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. मग उठली, कणीक मळली, मला भाजलं आणि डोळे मिटून स्वतःच माझा एक घास दातांनी तोडला.

"कुणाला सांगू नकोस हं," ती मला म्हणाली.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. मी अशी खोटी, मी तिच्या मुलाला काय परत आणणार?

गाव रिकामं होत गेलं. खाणीवरचं मोठं चाक गंजलं, शाळेच्या अंगणात घोडे चरू लागले. बुबुसारा गेली तेव्हा घाट बर्फानं बंद होता. कुबात मातीलाही पोचला नाही. मला त्याचा फार राग आला होता.

या उन्हाळ्यात दाराशी एक धुळकट गाडी थांबली. कुबात बायको आणि मुलीला घेऊन सरोवराकडे निघाला होता. वाटेत पोरीनं खाणीचं चाक बघायचा हट्ट धरला, म्हणून पाच मिनिटं वळला होता. शेजारच्या म्हाताऱ्या ओमुरबेकनं किल्ली पुढे केली.

"रस्ता चुकलास, की घर आठवलं?"

"चाक बघायला आलो, काका."

"चाक तिकडे आहे. ही किल्ली घराची आहे."

कुबात आत आला. मला बघून त्याचा चेहराच पडला. त्यानं मला खाली काढलं, फडकं सोडलं, तोंडाशी नेलं आणि थांबला. घासाच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं. बुबुसाराचा पुढचा एक दात पडलेला होता, त्यामुळे घासाच्या मधोमध एक उंचवटा राहिला होता. मी पकडले गेले.

"हा माझा घास नाही," तो म्हणाला. मग अगदी हळू, "आईचा आहे."

तो तिथेच जमिनीवर बसून रडला. पोर त्याच्या पाठीला टेकून उभी राहिली.

"बाबा, मग खायची नाही?"

"नाही. जिनं घास घेतला, तिनंच येऊन संपवायची."

त्यानं मला पुन्हा फडक्यात बांधून खिळ्याला टांगलं. जाताना किल्ली ओमुरबेकला दिली नाही, आपल्या खिशात टाकली.

आता मी खोटी नाही. मी बुबुसाराची रोटी आहे. खिडकीची फट कुणी बुजवू नका, तिथून वारा येतो, फडकं हलतं, आणि अर्ध्या झोपेत मला वाटतं, ती आली.