दादूकडचा खेळ, आत्मारामाचा कंप्युटर

दिवेलागण झाली की काशीराम खांद्यावर टॉवेल टाकून शेजारी पुतण्याकडे, दादूकडे, जाऊन बसायचा, आणि इकडे त्याचा सख्खा मुलगा आत्माराम जळून कोळसा व्हायचा. बाप आपला, आणि हसतो कुठे, तर दादूच्या ओटीवर!

बोटीवरून सुट्टीवर आलेल्या दादूने मस्कतहून व्हिडिओ गेम आणला होता. खेळाची डबी खोचायची, बटण दाबायचं, की टीव्हीवर विमानं हजर. सत्तरीचा काशीराम दांडा फिरवत ती पाडायचा आणि पोरासारखा ओरडायचा. भिंतीपलीकडून ते ओरडणं कानावर आलं की आत्मारामाच्या घशाखाली भाकरी उतरत नसे. रत्नागिरीत कचेरीतली पक्की नोकरी त्याची, बापाला दम्याची औषधं आणून देणारा तो, आणि कौतुक मात्र बोटीवर भांडी घासणाऱ्या दादूचं!

शेवटी हट्टाला पेटून त्याने मुंबईहून घरगुती कंप्युटर मागवला. किंमत ऐकून मैनाने, त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावला.

"अगं, पुढचा विचार कर," तो म्हणाला. "दादूची एकेक डबी परदेशातून यायची, सोन्याच्या भावाने. माझे खेळ साध्या कॅसेटवर. कुणाकडून तरी उतरवून घेतले की झालं. शिवाय मुलांचा अभ्यास होतो, हिशेब होतात. दादूचं ते नुसतं खेळणं."

"पन ह्यो चालू कदी व्हतो?" मैनाने विचारलं.

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. खेळ टेपरेकॉर्डरमधून कंप्युटरमध्ये उतरेपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. तेवढा वेळ नुसतं किर्र किर्र ऐकत बसायचं. मध्ये वीज जरा डुगडुगली की पुन्हा पहिल्यापासून.

गणपतीत आत्मारामाने बेत केला. घरोघर आरत्या करत फिरणारी वाडी शेवटी त्याच्याकडे टेकणार होती. दादूने मखराला दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, म्हणून याने दुप्पट लावल्या. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि त्याने बापाला हाताला धरून कंप्युटरसमोर बसवलं. मंडळी मागे दाटीने उभी राहिली. टेप किंचाळू लागला. खेळ निम्मा उतरला असेल नसेल, तोच माळा मंदावल्या आणि पडदा मिटला. एवढ्या दिव्यांचा भार वाडीच्या विजेला कुठला पेलतोय! त्याने पुन्हा लावला, पुन्हा तेच. एकेक जण "येतो हां" म्हणत दादूकडे सरकू लागला.

आत्मारामाचं डोकं फिरलं. तो ताडकन उठला आणि मखराच्या सगळ्या माळा त्याने बंद केल्या. समईच्या उजेडात गणपती तेवढा अंधूक दिसत राहिला. या वेळी मात्र खेळ पुरा उतरला.

"बाबा, बघ! खेळ आता!"

काशीराम पडद्याकडे बघतच नव्हता. "देवाला काळोकात बसवलंस व्हय रं, आत्मा?"

"मग काय करू?" आत्मारामाचा आवाज फाटला. "रोज त्याच्याकडे जातोस. माझ्याजवळ घटकाभर बसत नाहीस. काय आहे असं दादूकडे, सांग ना!"

म्हातारा उठला आणि त्याने माळा पुन्हा लावल्या. कंप्युटरचा पडदा मिटला. मग तो सावकाश म्हणाला, "दादूच्या डब्याला दोन दांडे हायत. येक माज्या हातात, येक त्येच्या. तो माज्याबरोबर खेळतो, हरला की चिडतो. तू मला खुर्चीत बसवतोस नि मागं उबा ऱ्हातोस."

आत्मारामाने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला.

"चल, येतोस?" बापाने विचारलं. "दादू देल तुला त्येचा दांडा."

जायचं तर त्याला होतं. बापाच्या शेजारी बसायचं होतं, हरायचंसुद्धा होतं. पण दादूच्या ओटीवर, दादूने दिलेला दांडा घेऊन?

"तू जा," तो म्हणाला. "मला काम आहे."

काशीराम पायऱ्या उतरून गेला. आत्मारामाने कॅसेट मागे फिरवली आणि खेळ पहिल्यापासून लावला.