राहून गेलेली गोळी

मामांनी तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून काढली आणि एकदा दिलेला निर्णय कधी फिरवला नाही. एकदा त्यांनी गोल दिला तेव्हा चेंडू झाडावर अडकलेला होता. गोल कायम राहिला. झाडाला ताकीद मिळाली.

असा माणूस हृदयाच्या गोळीपुढे मात्र शहाण्या मुलासारखा वागतो, याचं त्यांच्या भाचीला फार कौतुक होतं. सकाळी आठला ते खुर्चीत ताठ बसत आणि मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजत. साठच्या खाली भरली तर गोळी घ्यायची नाही, आधी फोन करायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या मिनिटात कुणी शिंकलं तरी मोजणी पहिल्यापासून. मामी मिक्सरला हातही लावत नसत.

गुरुवारी नाडी अडुसष्ट भरली. मामांनी सात कप्प्यांची डबी उघडली, तर बुधवारची गोळी तशीच.

"काल नळवाला आला होता ना," मामी म्हणाल्या. "त्याला पाना कसा धरायचा ते शिकवत बसलात."

"म्हणजे एक राहिली." मामांनी दोन गोळ्या तळहातावर घेतल्या.

"अहो मामा, दोन?" भाचीने त्यांचं मनगट धरलं.

"सामन्यात वाया गेलेला वेळ शेवटी भरून द्यायचा असतो. तीस वर्षं दिलाय."

"आधी विचारू या की!"

"पंच कुणाला विचारत नसतो."

"लाइनमनला विचारतो."

मामा थबकले. "ते नियमात आहे," त्यांना कबूल करावं लागलं.

भाचीने लगेच औषधाच्या दुकानात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिथल्या ताईंनी गोळीचं नाव विचारलं, मग नाडी.

"चक्कर, धाप, असलं काही होतंय का, काका?"

"नाही. राग येतोय."

"त्याला आमच्याकडे औषध नाही. कालची गेली ती गेली. आज एकच, नेहमीसारखी. दोन एकदम कधीही नाही. नाडी इतकी मंदावेल की तुम्ही आडवे व्हाल."

फोन बंद झाला. मामा तळहाताकडे बघत राहिले. हजारो प्रेक्षक बोंबलत असताना हा माणूस तसूभर हलला नव्हता. एकदा तर पोलिसांच्या गाडीतून घरी आला होता, तोही निर्णयासकट.

मामांनी एक गोळी डबीत परत टाकली.

"निर्णय बदलला," ते म्हणाले.

भाचीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मामी लग्नानंतर बेचाळीस वर्षांनी नवऱ्याला पहिल्यांदाच बघावं तशा बघत होत्या.

"हे जमतं तुम्हाला?"

"हृदयापुरतंच," मामा म्हणाले आणि पाणी मागितलं.