कनेलाच्या तोंडाची रिबीन

आमच्या मासाया गावात संत लाझारोच्या रविवारी कुत्र्यांना नटवून देवळात नेतात. यंदा ट्रान्सितोमावशींची गाभण कुत्री कनेला नवरीचा झगा घालून आली आणि ऐन मिरवणुकीत देवळाच्या पायरीवरच व्यायला लागली! मारिंबाचं वादन थांबलं, बायका किंचाळल्या, पोपट बनवलेलं एक कुत्रं उगाच भुंकत सुटलं.

"सरका! मेल्यावर कफनातून उठलेला लाझारो येतोय!" नीकानोरबाबा गर्दीत घुसले. दर वर्षी याच दिवशी मेलेलं पिल्लू उठवायचं, हा त्यांचा धंदा. आल्या आल्या त्यांनी कनेलाचं तोंड लाल रिबिनीनं बांधलं. "पिल्लावरची पिशवी म्हणजे संताचं पवित्र कफन, त्याला जनावराचं तोंड लागता कामा नये!"

पिल्लू आलं. पातळ पिशवीत गुंडाळलेलं, निपचित. बाबांनी ते अंगरख्याखाली घेतलं, "लाझारो, ऊठ!" म्हणून गरजले, आत हात गदागदा हलवले आणि... कुईं! अर्धी गर्दी गुडघ्यांवर आली. बाबांपुढे केळीच्या पानातल्या गरम नकातामालांचा ढीग लागला.

दुसरं पिल्लू आलं, तेही निपचित. "हे संतानं स्वतःसाठी ठेवलं," बाबा म्हणाले आणि नकातामालाचं पान सोडून खायला बसले.

"ठेवतोय कशाला? द्या इकडे!" आमच्या गल्लीतली जनावरांची डॉक्टरीण याहोस्का धावली. नखानं पिशवी फाडली, नाक-तोंड पुसलं, पिल्लू टॉवेलात चोळायला घेतलं. मग माझ्यावर ओरडली, "बघत काय बसलास? मंत्र म्हण!"

"मला कुठे येतो?"

"मग नकातामाल कसे करतात ते म्हण!"

मीही पेटलो. "मक्याचं पीठ! डुकराची चरबी! बटाटा! पुदिना!"

पुदिन्याला पिल्लू ओरडलं. लोक हसून हसून लोळले.

"मेलेलं नव्हतंच ते," याहोस्का म्हणाली. "पिशवी फाडून पिल्लू चाटायचं काम आईचं. बाबांनी आईचंच तोंड बांधलं आणि तिचं काम अंगरख्याखाली केलं."

तिनं रिबीन सोडली. कनेलानं आधी दोन्ही पिल्लं चाटली, मग ती बाबांच्या पोटरीला चावली.

पण नंतर ती जोर करत राहिली. अर्धा तास झाला तरी काही येईना, नुसतं हिरवं पाणी.

"हिरवं म्हणजे संताचा कौल!" बाबा लंगडत म्हणाले. "हलवलीत तर कोप होईल!"

"पिल्लू आडवं आलंय," याहोस्का म्हणाली. "आणखी थांबलात तर कनेलाही जाईल, मावशी."

आयुष्यभर मावशींनी बाबांचं ऐकलं होतं. त्यांनी संताकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि झग्यासकट कनेलाला उचलून तीनचाकीत घातलं.

ऑपरेशन झालं. तिसरं पिल्लूही वाचलं, कनेलाही. आम्ही दवाखान्याबाहेर नाचलो. मावशी तेवढ्या नाचल्या नाहीत.

"डॉक्टरीणबाई, माझ्या आधीच्या कुत्रीची पिल्लं? जी संतानं ठेवून घेतली?"

याहोस्कानं त्यांचा हात धरला. "त्यातली काही नक्की वाचली असती, मावशी."

मावशी पोटभर रडल्या. मला बाबांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. मग डोळे पुसून मावशी थेट देवळाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि साऱ्या गर्दीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "कुणाची कुत्री व्यायला आली असेल तर तिचं तोंड बांधू नका! पिल्लू निपचित दिसलं तर पिशवी फाडा, पुसा, चोळा! कुत्री अडली तर कौल लावू नका, दवाखाना गाठा. प्रार्थना काय, वाटेतही करता येते!"